धंद्याचा कागद कमी केला, तर ती खबर गावात कोण पोचवणार?

डाळगिरणीवाला, यवतमाळ जिल्हा

माझी तुरीची छोटी डाळगिरणी आहे. मी, धाकटा भाऊ आणि चार मजूर. हंगामात आणखी दोघे. दर काही वर्षांनी एका एजंटाकडून शॉप ॲक्टचं नूतनीकरण करून घ्यायचो. शेवटच्या खेपेला त्याने अठराशे रुपये घेतले. यंदा उन्हाळ्यात भाची आली होती, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. भिंतीवरची फ्रेम बघून म्हणाली, "मामा, याचं नूतनीकरण कशाला केलंत?" मग तिने मोबाइलवर काढून दाखवलं. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा डिसेंबर २०१७ मध्येच लागू झाला. तेव्हापासूनच दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीच नाही. एकदा ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती जपून ठेवायची, एवढंच.

उद्यम नोंदणीचंही, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदीचंही, तेच. १ जुलै २०२० पासून ती आधारवर, स्वतःच्या घोषणेवर आणि फुकट होते. मी त्या नोंदणीसाठी हजार रुपये मोजले होते.

म्हणजे सरकारने कागद कमी केला हे खरं आहे. पण ती खबर राजपत्रात आली, संकेतस्थळावर आली आणि तिथेच राहिली. आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर घरपट्टीच्या थकबाकीदारांची यादी लागते, लसीकरणाची तारीख लागते. "अमुक दाखला आता लागत नाही" असा कागद त्या फळ्यावर मी आजवर पाहिलेला नाही. माझं म्हणणं असं की कोणताही परवाना रद्द झाला, सोपा झाला किंवा नवीन आला, तर त्याची साध्या मराठीत एका पानाची सूचना ग्रामपंचायतीत लागलीच पाहिजे आणि ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे. तोवर ती सवलत लागू झाली असं मी तरी मानणार नाही.

दुसरं, एकच कागद चार ठिकाणी मागणं बंद करा. गिरणीच्या कपाटात ग्रामपंचायतीच्या ना हरकत दाखल्याच्या सहा झेरॉक्स पडून आहेत. प्रत्येक कार्यालयाला दाखला तीन महिन्यांच्या आतला हवा. तिसऱ्या कार्यालयात माझा नंबर लागेपर्यंत पहिला दाखला जुना झाला आणि सरपंचाच्या सहीसाठी मी पुन्हा दारात उभा. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने केंद्राच्या ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदींमधली शिक्षा काढली किंवा सौम्य केली. चांगलंच झालं. पण माझं नुकसान तालुक्याच्या फेऱ्यांत होतं. एका फेरीत मजुराच्या रोजाएवढे पैसे जातात आणि गिरणी दिवसभर बंद.

कास्तकार, केळापूर

भाऊ, तुमची तकलीफ खरी हाय. पण 'कागद कमी करा' म्हनलं की मले भेव वाटते. २०१७ चा पावसाळा आठवा. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारनी करता करता विषबाधा होऊन इसेक लोकं गेले. कास्तकारही होते, रोजीनं जानारे मजूरही होते. कोन्ती दवाई कोन्त्या दवाईत मिसळून देल्ली, कोन्या दुकानातून गेली, हे शोधाले शेवटी काय लागलं? दुकानाचं रजिस्टर अन् बिलच ना.

मी बियान्याची पावती, पिशवीचा टॅग, रिकामी पिशवी अन् मूठभर बियानं देवळीत ठेवतो, कापूस घरी येईपर्यंत. उगवलं नाही तं तालुक्याच्या तक्रार समितीपुढं माझ्याजवळ तेवढंच असते. एका वर्षी एका दुकानदारानं म्हनलं, बिल कायले पाह्यजे, वळखीचेच तं हौ. मी बिनबिलाचं घेतलं. तीन एकर मोडून दुबार पेरलं, अन् तक्रार करतो म्हनलं तं हातात काहीच नाही. तुमच्यासाठी तो कागद ताप असन, माह्यासाठी तोच साक्षीदार हाय.

खत नियंत्रण आदेश १९८५ चा हाय. त्यात दुकानदारानं साठा अन् भाव फलकावर लिहाव, असं सांगतलेलं हाय. किती दुकानात लिवतात? ज्या कागदाचा आमाले फायदा होते तो आधीच कोनी पाळत नाही. अन् आता कमी करा म्हनता!

डाळगिरणीवाला

दादा, बिल बंद करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तुमचं बिल हवंच, लॉट नंबरासकट हवं. माझ्या डाळीच्या पोत्यावरही तारीख आणि वजन असलंच पाहिजे. मी बोलतोय ते त्याच दाखल्याच्या सहाव्या झेरॉक्सबद्दल. त्या झेरॉक्सने कोणाचा जीव वाचतो, ते सांगा.

राइस मिलचा मुनीम, गोंदिया

या वादात बॉयलरचं उदाहरण घ्या, कारण आमचं रोजचं काम त्याच्यावर आहे. उसना तांदूळ करायचा तर धान वाफवावं लागतं, वाफेला बॉयलर लागतो, आणि बॉयलर फुटला तर शेजारची भिंतही राहत नाही. १९२३ चा जुना कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा बॉयलर कायदा आला. त्यातले सात गुन्हे सरकारने वेगवेगळे पाहिले. ज्यांत माणसाचा जीव जाऊ शकतो किंवा मालमत्तेचं नुकसान होऊ शकतं अशा चारांत फौजदारी शिक्षा ठेवली, बाकी तिघांत फक्त पैशाचा दंड केला. मला ही पद्धत पटते. एकेक कलम हातात घेऊन विचारायचं, हे चुकलं तर कोणाचं काय जाईल?

आणि कागद गिरणीवाल्यालाही वाचवतो, हे डाळवाले भाऊ विसरतात. सरकारी धानाच्या भरडाईत क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ द्यायचा, उसना असेल तर ६८. ट्रक गोदामावर पोचला आणि कोणी म्हणालं की पोती कमी आहेत, तर मी माझं लॉटचं रजिस्टर उघडतो. तारीख, गाडी नंबर, पोत्यांची संख्या, चालकाची सही. दोन वेळा आमची मिल याच रजिस्टरमुळे वाचली. ते पान उद्या सरकारने माफ केलं तरी मी लिहीतच राहणार.

निवृत्त अव्वल कारकून

एकतीस वर्षं टेबलावर बसलो, म्हणून त्या बाजूचं सांगतो.

शपथपत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतीऐवजी स्वसाक्षांकित प्रत घ्यावी, असा शासन निर्णय मार्च २०१५ मध्ये निघाला. सरकारी कार्यालयात द्यायच्या शपथपत्रावरचं मुद्रांक शुल्क तर २००४ पासून माफ आहे. तरीही लोक स्टँपपेपर घेऊन यायचे आणि आम्ही तो ठेवून घ्यायचो. का? मी एकदा एका अर्जदाराचं स्वयंघोषणापत्र घेऊन प्रकरण पुढे पाठवलं. दोन वर्षांनी लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि कारणे दाखवा नोटीस माझ्या नावाने आली. शासन निर्णयाची प्रत जोडून मी उत्तर दिलं, प्रकरण मिटलं. पण ते आठ महिने घरात जेवण गोड लागलं नाही. त्यानंतर मीसुद्धा प्रत्येकाला म्हणू लागलो, "स्टँपवर करून आणा." ही माझी चूक होती आणि मी ती मान्य करतो. वरून कागद माफ होतो, पण टेबलावरच्या माणसाला संरक्षण मिळत नाही, तोपर्यंत तो कागद मागतच राहणार.

मात्र गिरणीवाले, तुमची पहिली मागणी मला मान्य नाही. सूचना फळ्यावर लागेपर्यंत सवलत लागू नाही असं मानलं, तर एखाद्या ग्रामसेवकाने सूचना न लावल्यामुळे तुमचाच हक्क बुडेल. कायदा राजपत्रात आला की लागू होतो, तो तसाच व्हायला हवा. आणि एजंटाला अठराशे देण्याआधी एकदा कार्यालयात विचारायला काय हरकत होती? २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा हातात आहे. प्रत्येक कार्यालयाने सेवा, मुदत आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याचं, म्हणजे ती सेवा ज्याने द्यायची त्याचं, नाव फलकावर लावायचं असतं. मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं, कसूर करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. आमच्याकडे अपील घेऊन आलेली माणसं मी एका हाताच्या बोटांवर मोजेन.

डाळगिरणीवाला

काका, हक्क बुडण्याचा तुमचा मुद्दा बरोबर आहे, ते वाक्य मी मागे घेतो. पण "विचारायला काय हरकत होती" हे लागलं मला. विचारलं होतं हो. खिडकीवरचा माणूस म्हणाला, सगळं ऑनलाइन आहे, तिथे बघा. ऑनलाइन बघायला गेलो तर दार पुन्हा एजंटाचंच.

सेवा केंद्र चालवणारी, वाशीम जिल्हा

ते दार माझ्यासारखीचं असतं, म्हणून लिहिते. मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. ठरलेल्या फीचा तक्ता भिंतीवर लावलाय आणि तेवढेच घेते. जास्त घेणारे आहेत, हे मी नाकारत नाही.

पण 'ऑनलाइन झालं म्हणजे कागद गेला' हे कोणी म्हटलं की मला त्याला माझ्या खुर्चीत बसवावंसं वाटतं. परवा पिठाच्या चक्कीवाल्या एक मावशी आल्या. पिशवीत आधार, लाइट बिल, घराचा नमुना आठचा उतारा, फोटो. प्रत्येक कागद स्कॅन करायचा, ठरलेल्या केबीत, म्हणजे फाइलीच्या ठरलेल्या आकारात, बसवायचा. मग ओटीपी. तो गेला मुलाच्या मोबाइलवर, मुलगा पुण्याला कंपनीत, ड्यूटीवर. फोन लागेपर्यंत ओटीपीची वेळ संपली. दुसऱ्यांदा केलं तर साइट बंद. मावशी दोन वेळा एसटीने आल्या, तेव्हा काम झालं. आणि शेवटी त्यांना काय हवं होतं? प्रिंट. कारण बँकेत प्रिंटच मागतात. आधी एक कागद होता, आता स्कॅन, ओटीपी आणि प्रिंट असे तीन टप्पे झाले.

काकांचं अपिलाबद्दलचं खरं आहे, पण अपील करायचं त्याच साहेबाच्या वरच्याकडे, आणि पुढच्या कामाला जायचं पुन्हा त्याच साहेबाकडे. चक्कीवाली बाई ते धाडस कशी करेल?

राजुऱ्याहून

इतका वेळ सगळे दुकान आणि गिरणीबद्दल बोललात. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात धंदा म्हणजे कोळसा खाण आणि सिमेंट. तिथे 'कागद कमी करा' याचा अर्थ फार वेगळा निघतो.

नवी खाण काढायची असेल तर पर्यावरणाची जनसुनावणी लागते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तिची सूचना वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि लोकांना किमान ३० दिवस मिळतात. एवढ्या दिवसांत जाडजूड अहवाल वाचायचा, कोणाची विहीर आटेल ते बघायचं, शेतमजुरीवर गेलेल्या माणसांना गोळा करायचं. २०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा आला, त्यात हे ३० दिवस २० वर आणायचं घाटत होतं. उद्योगाचा वेळ वाचावा म्हणून. आणि तो मसुदाच मुळात इंग्रजी आणि हिंदीत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये सांगितलं की राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांमध्ये त्याचं भाषांतर करा. ज्या मसुद्यावर आम्ही हरकत घ्यायची, तो आमच्या भाषेत मिळावा यासाठी कोर्टात जावं लागतं, याचा मला आजही राग आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. धंदेवाल्याकडून मागायचा कागद कमी करा. गावाला द्यायची सूचना एका दिवसानेही कमी करू नका. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून 'सुलभीकरण' म्हणाल तर आम्ही विरोधात उभे राहू, मग त्यात डाळगिरणीवाल्यांचं भलं अडकलं तरी.

बचत गटाची सचिव, गडचिरोली जिल्हा

आमच्याकडचं एक सांगते, कारण ते चांगलं घडलेलं आहे. मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला. पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडेच. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. कागद तोच राहिला, पण सही गावाची झाली. आम्हा बायकांना कागदाची भीती नाही. तो लिहिणारा हात आपल्या ओळखीचा असावा, त्याला उठून प्रश्न विचारता यावा, एवढं हवं आहे.

राइस मिलचा मुनीम

ताई, हे सगळीकडे चालणार नाही. बॉयलरची तपासणी ग्रामसभा करू शकत नाही, त्याला शिकलेला माणूसच लागतो.

बचत गटाची सचिव

तपासणी त्यांनीच करावी, दादा. तपासणी झाली की नाही, कोणत्या तारखेला झाली, ते मात्र गावात लागलेलं असावं. मिलमध्ये कामाला जाणारी माणसं आमच्यासारख्या गावांतलीच असतात.

डाळगिरणीवाला

राजुऱ्याच्या भाऊंनी मांडलेलं मी आधी धरलंच नव्हतं. मी माझ्या फाइलीतूनच बघत होतो. सूचनेचे दिवस कमी करण्याच्या विरोधात माझीही सही घ्या.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. परवान्यांत झालेला बदल महिन्यातून एकदा फळ्यावर लावावा आणि बाजाराच्या दिवशी वाचून दाखवावा. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला वर्षभर धरावा, दर तीन महिन्यांनी नवा मागू नये. काका, भाषा तुम्ही तपासून द्याल का?

निवृत्त अव्वल कारकून

देतो. पण दुसरी मागणी ग्रामसभेच्या अधिकारात नाही, दाखला किती जुना चालेल ते मागणारं कार्यालय ठरवतं. "जिल्हाधिकाऱ्यांकडे शिफारस करण्यात येते" असं लिहा, नाहीतर ठराव पहिल्याच टेबलावर बाद होईल. आणि मार्च २०१५ च्या शासन निर्णयाची प्रत सोबत जोडा. तो टेबलावरच्या माणसालाही उपयोगी पडेल.

कास्तकार, केळापूर

माही एक ओळ टाका त्यात. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरसाल कराव लागते, त्याचं प्रमाणपत्र दुकानात दिसन असं लावाव लागते. खेड्यात कापूस घ्याले येनाऱ्याच्या काट्यावर मी मागच्या साली घरून तोललेलं पोतं ठेवलं, तं दोन किलो कमी भरलं. प्रमाणपत्र दाखव म्हनलं तं म्हने घरी राह्यलं. ते प्रमाणपत्र काट्याजवळच पाह्यजे, तारखेसकट, बोटभर मोठ्या अक्षरात.

डाळगिरणीवाला

टाकतो दादा. माझ्या काट्याचं प्रमाणपत्र कपाटात त्या सहा झेरॉक्सच्या खाली होतं. आज काढून काट्यावरच्या खिळ्याला लावलंय. मुदत मार्गशीर्षात संपते. तूर घेऊन आलात तर आधी तेच बघा.