समुपदेशन शिकायला सुरुवात कुठून करू?

पाटोद्याची_बाई
जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते, तेरा वर्षं झाली. यंदा मुख्याध्यापकांनी समुपदेशनासाठी माझं नाव लिहून पाठवलं. कारण काय, तर "बाई, तुम्ही पोरींशी बऱ्या बोलता." एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. सकाळी स्लाइड, दुपारी जेवण, चारला सही.

मागच्या आठवड्यात सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत आली. वेणीची रिबीन बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, दिवाळीनंतर मी नाही येणार शाळेत." मी लगेच सुरू झाले. शिक्षणाचं महत्त्व, सावित्रीबाई, शेजारच्या वस्तीवरची नर्स झालेली पोरगी. वीस मिनिटं. ती आपली "हो बाई, हो बाई." घंटा झाली, गेली. आता व्हरांड्यात मला बघून रस्ता बदलते.

कुठे शिकू हे? पुण्यामुंबईला जाऊन राहणं जमणार नाही.

खडूफळा
एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका आहे, वर्षभराची. सुरुवातीचा भाग घरी बसून, मधे काही महिने केंद्रावर राहून, शेवटी प्रत्यक्ष काम. आपल्याला भोपाळ पडतं. रजेचं आधी बघा, आमच्याकडे फाइल तिथेच अडकली होती.

आणि बोटांच्या ठशांवरून मुलांचा कल सांगणारे शाळेत आले तर चहा पाजून परत पाठवा. त्याला शास्त्रीय आधार नाही.

नाशिकची_आजी
बाई, बावीस वर्षं शाळांमधून हेच काम केलं, म्हणून हक्कानं लिहिते. कोर्स सावकाश करा. ती पोरगी दिवाळीपर्यंतच आहे.

'समुपदेशन' या शब्दाच्या पोटातच उपदेश बसलाय, त्यानं आपला घात केलाय. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५७ च्या लेखात माणसात बदल घडायला लागणाऱ्या ज्या अटी मांडल्या, त्यातल्या तीन आजही पहिल्या धड्यात शिकवतात: समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, त्याला विनाअट स्वीकारणं आणि आपण खोटं न वागणं. सल्ला देणं त्यात कुठेच नाही.

आता करायचं काय ते सांगते. टेबलापलीकडे बसवू नका. वह्या लावायला बोलवा, शेजारी बसा. हात कामात असले की पोरं बोलतात. आधी कबूल करा, "त्या दिवशी मीच बोलत बसले, तुझं ऐकायचं राहिलं." मग तिचंच वाक्य तिला परत द्या, "दिवाळीनंतर नाही येणार म्हणालीस." आणि गप्प. मनात वीस आकडे मोजा. तुम्ही गणिताच्या, जमेल. 'का' विचारू नका, 'का' म्हटलं की पोरं जबाब देतात.

एक मात्र पक्कं: "कुणाला सांगणार नाही" अशी शपथ घेऊ नका. लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. लग्न ठरवत असतील तर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहेच. मन फारच खचलेलं दिसलं तर टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. तिथे आपण थांबायचं, पुढचं त्यातल्या माणसांचं काम.

खडूफळा
एक राहिलंच. तुमच्या नावातच तालुका आहे हो. मुलीची गोष्ट इथे लिहिताना तेवढं सांभाळा.

पाटोद्याची_बाई
खरंय. दोन-तीन गोष्टी बदलूनच लिहिल्यात, पण यापुढे आणखी जपेन.

आजी, काल वह्या लावल्या. मी सतरापर्यंत मोजलं. मग ती म्हणाली, "दादांनी उचल घेतलीय." म्हणजे वडिलांनी मुकादमाकडून आगाऊ पैसे. आई-वडील दोघं ऊसतोडीला जाणार, धाकटा भाऊ दीड वर्षाचा. कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, त्याला सांभाळायला ही. माझ्या तोंडात लगेच हंगामी वसतिगृह आलं होतं, आई-बाप तोडीला गेले की पोरं गावातच राहतात ते. जीभ चावली. ते कधी सांगायचं?

नाशिकची_आजी
शाब्बास. वसतिगृहाची माहिती म्हणजे मार्गदर्शन. ती द्यायचीच, पण तिचं सांगून संपल्यावर. आणि सांगून झालं की तिला विचारायचं, "तुला काय वाटतं?" निर्णय आईबापांच्या हातात आहे हे विसरू नका. उचलीचे पैसे खर्चही झाले असतील. त्यांना शाळेत बोलावू नका, तुम्हीच संध्याकाळी घरी जा. तिथेही आधी ऐकाच.

पाटोद्याची_बाई
आज सांगितलं वसतिगृहाचं. ती म्हणाली, "मग बारक्याला कोण बघणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसंच सांगितलं तिला, "मलाही नाही माहीत गं." ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. उद्या घरी जातेय. आजी, आई आता तोडीची बांधाबांध करत असेल, तिच्याशी पहिलं वाक्य काय बोलू?

नाशिकची_आजी
"बारकं कसंय?" म्हणा. आणि उचलून घ्या त्याला.