बायसला मराठीत नेमकं काय म्हणायचं? पूर्वग्रह पुरतो का?

एका लेखाचं भाषांतर करतेय, विषय माणसं निर्णय कसे घेतात आणि कुठे घसरतात. त्यात बायस (bias, म्हणजे मत किंवा अंदाज एका बाजूला झुकणं) हा शब्द दर दोन ओळींनी येतो. सुरुवातीला सगळीकडे बिनधास्त 'पूर्वग्रह' टाकत गेले पण आठ-दहा पानांनंतर वाक्यं विचित्र वाटायला लागली. उदा. आधी एखादा आकडा कानावर पडला की आपला अंदाज त्या आकड्याकडे ओढला जातो, याला पूर्वग्रह कसं म्हणायचं? आकड्याबद्दल कोणाच्या मनात काय ग्रह असणारे? तर तुम्ही काय वापरता?
– धागाकर्ती

पूर्वग्रहच. रूढ शब्द आहे, सगळ्यांना कळतो, उगाच नवीन टांकसाळ कशाला उघडायची. 'ग्रह'चा मूळ अर्थ धरणं, पकडणं. आग्रह, दुराग्रह, संग्रह, निग्रह सगळी त्याच घरातली भावंडं. आधीच धरून ठेवलेलं मत म्हणजे पूर्वग्रह, झालं.
– बोरूबहाद्दर

बोरूबहाद्दर, तिथेच तर अडतंय ना. पूर्वग्रह म्हटलं की *कोणाबद्दल तरी* आणि बहुतेक वेळा *वाईट* असं मराठी माणूस आपोआप धरून चालतो. मनात अढी असणं, किंतु असणं, आकस असणं, हे सगळं त्या शब्दाच्या आजूबाजूला घुटमळतं. 'माझा त्याच्याबद्दल पूर्वग्रह आहे, तो फार हुशार आहे' असं कोणी म्हणत नाही. पण बायस चांगल्या बाजूलाही असतो की! दिसायला टापटीप माणूस कामालाही चोख असणार असं आपण गृहीत धरतो, एडवर्ड थॉर्नडाइकने 1920 साली हेच दाखवलं होतं. लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्यांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व असे वेगवेगळे गुण देत होते आणि एका बाबतीत चांगले मिळाले की बाकीच्यांतही चांगलेच मिळत होते. यात अढी कुठेय?
– हट्टी

पक्षपात का नाही?
– पाहुणा

पक्षपातात करणाऱ्याला माहीत असतं. म्हणजे निदान ऐकणाऱ्याला तसं वाटतं. पक्षपात केला, दुजाभाव केला, झुकतं माप दिलं, या सगळ्यात कोणीतरी काहीतरी *केलंय*, आणि जाणूनबुजून केलंय. बायस केला असं आपण म्हणतच नाही, बायस *असतो*.

(झुकतं माप हा शब्दप्रयोग मात्र काय सुरेख आहे. तराजूच डोळ्यासमोर येतो.)
– हट्टी

तराजूवरून आठवलं, मी संख्याशास्त्र शिकवतो. आमच्याकडे बायसचा अर्थ अगदी कोरडा आहे. एखादा वजनकाटा कधी थोडं जास्त दाखवतो, कधी थोडं कमी, तर दहादा वजन करून सरासरी काढली की बरंचसं भागतं. पण काटा दरवेळी पन्नास ग्रॅम जास्तच दाखवत असेल तर हजार वेळा वजन करा, चूक तशीच. चुकीला दिशा असणं, बास, एवढाच बायस. काट्याच्या मनात कोणाबद्दल काही नसतं. पारिभाषिक शब्द 'अभिनती' असा आहे, अर्थ बरोबर आहे (नती म्हणजे वाकणं) पण वर्गात म्हटला की मुलं माझ्याकडे अशी बघतात की मीच वाकलोय.
– गणितमास्तर

मी शिवणकाम करते, इथे सहसा वाचनमात्र असते पण आज राहवलं नाही. बायसला मराठीत शब्द आहे आणि आम्ही तो रोज वापरतो! उरेब. कापड उभ्या-आडव्या धाग्यांना धरून न कापता तिरकं कापलं, पंचेचाळीस अंशात, की ते उरेब. इंग्रजी शिवणाच्या पुस्तकात त्यालाच बायस म्हणतात. गळ्याला, मुंढ्याला लावायची पट्टी उरेबच घ्यावी लागते कारण ती ताणली जाते आणि वळणावर नीट बसते, सरळ पट्टी लावलीत तर चुण्या पडतात. म्हणजे उरेब हा काही कापडाचा दोष नाही, ते कापड तसंच वागणार. तुमच्या त्या डोक्यातल्या बायसचंही तसंच काहीतरी असावं असं वाचताना वाटलं.
– शिलाईवाली

शिलाईवाली ताई, दंडवत! धाग्याचं सार्थक झालं. इंग्रजीतला बायसही मूळचा फ्रेंच, अर्थ तिरपा, तिरकस. पुढे तो बोल्स नावाच्या खेळात आला, त्यातला चेंडू मुद्दाम असा घडवतात की सरळ सोडला तरी घरंगळत एका बाजूला वळतो. तिथून तो माणसाच्या मनाला चिकटला. उरेब फारसीकडून आला, पण आपल्याकडे तो शिवणयंत्रापाशीच थांबला, मनापर्यंत पोचलाच नाही.
– धागाकर्ती

मला विचाराल तर 'कल'. छोटा, सोपा, कोणाला टोचत नाही.
– पाहुणा

कल म्हणजे आवडनिवडसुद्धा होते हो. 'तिचा कल चित्रकलेकडे आहे.' यात चूक काहीच नाही. 'विचारांचा कल' किंवा 'अंदाजाचा कल' असं जोडून घेतलं तर चालेल कदाचित.

आणि प्रत्येक बायसला एकच शब्द हवा हा हट्ट सोडला तर आपल्याकडे माल भरपूर आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा, हा एक. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, हा दुसरा. गोष्ट घडून गेल्यावर 'तरी मी सांगत होते', हा तिसरा, बारूक फिशहॉफने 1975 मध्ये यावर प्रयोग केले, निकाल आधी सांगितला की लोकांना तो आधीपासूनच उघड दिसत होता असं वाटायला लागतं. आणि दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, याला तर 2002 साली एमिली प्रोनिन वगैरेंनी रीतसर नाव दिलं, बायसचा आंधळा कोपरा म्हणू. इतरांमध्ये बायस आहे हे लोकांना पटतं, आपण मात्र त्यातले नाही.
– हट्टी

एवढा कीस कशाला? शब्द कुठलाही घ्या, अर्थ कळल्याशी मतलब.
– बोरूबहाद्दर

बोरूबहाद्दर, शब्द कुठलाही घेतला तर काय होतं त्याचाच प्रयोग मी भाषांतर करतेय त्या लेखात आहे. ट्वर्स्की आणि कानेमन, 1981. एका साथीत 600 माणसं मरतील असा अंदाज आहे, दोन उपाय आहेत. पहिल्याने 200 जण नक्की वाचतील, दुसऱ्याने एकतृतीयांश शक्यता की सगळे वाचतील आणि दोनतृतीयांश शक्यता की कोणीच नाही. 72 टक्के लोकांनी पहिला घेतला. मग दुसऱ्या गटाला तेच उपाय सांगितले पण 'वाचतील'ऐवजी 'मरतील' शब्दात, म्हणजे पहिल्या उपायात 400 जण मरतील. आता तोच उपाय घेणारे 22 टक्के. आकडे तेच, माणसं तितकीच. क्रियापद बदललं फक्त.

म्हणून मला भीती वाटते की 'तुमचे पूर्वग्रह ओळखा' असं छापलं तर वाचणारा पहिल्याच ओळीला म्हणेल माझे नाहीत बुवा, आणि पान उलटेल. 'तुमचा अंदाज कुठे कलतो' म्हटलं तर निदान चार ओळी पुढे जाईल.

आणि एक कबुली. पहिले चार दिवस मी 'पूर्वग्रह' जिथे फिट बसतो अशीच वाक्यं शोधून त्याच्यापुढे टिकमार्क करत होते, जिथे बसत नाही ती 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवत होते. पीटर वेसनने 1960 मध्ये लोकांना 2-4-6 हे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितला होता, तर बहुतेक जण दोन-दोनने वाढणारे आकडे देऊन स्वतःची खात्रीच करत बसले, नियम नुसता 'चढते आकडे' इतकाच होता. मी तशीच बसले होते, पेन्सिल घेऊन.

तर सध्या असं ठरवलंय: माणसांबद्दल असेल तिथे पूर्वग्रह, जाणूनबुजून असेल तिथे पक्षपात, आणि डोकं आपोआप एकीकडे वळतं तिथे 'कल'. उरेब एकदा तरी वापरणारच, संपादकांनी काढला तर काढू देत.
– धागाकर्ती

मग अनबायस्ड नाण्याला, म्हणजे छापा-काटा पडायची शक्यता सारखीच असलेल्या नाण्याला, काय म्हणणार? निःपक्षपाती नाणं म्हटलं की मला कोट घातलेलं नाणं दिसतं.
– पाहुणा

'खोट नसलेलं नाणं' म्हणून पाहिलं मी वर्गात. मुलांनी विचारलं, सर, म्हणजे खरं नाणं का?
– गणितमास्तर