शब्दचर्चा: 'घन' बर्फाची घनता कमी कशी?

प्रश्न
'घन' म्हणजे द्रव नसलेलं, घट्ट. मग पाणी गोठून घन झालं की घनता वाढायला हवी ना? बर्फ तर तरंगतो. शब्द चुकलाय की माझी समज? 'घनता'ऐवजी 'दाटपणा' म्हटलं तर?

उत्तर
दाटपणा नकोच. वंगणाचं तेल पाण्यापेक्षा दाट, तरी पाण्यावर तरंगतं. पारा पाण्यासारखा सळसळतो आणि त्याची घनता पाण्याच्या 13.6 पट. तुम्ही म्हणताय तो दाटपणा म्हणजे शास्त्रातली 'विष्यंदिता'.

उत्तर
गोंधळ 'घन'मुळे आहे. मूळ संस्कृत 'हन्', म्हणजे मारणे. लोहाराचा घण त्यातलाच. पुढे त्याच शब्दाला ढग, घट्ट, गणितातला घन असे अर्थ चिकटले. 'घनता' मात्र निव्वळ भागाकार आहे: वस्तुमान भागिले आकारमान. कडकपणाचा त्यात काही संबंध नाही.

म्हणून मला 'स्थायू' हा शब्द आवडतो. जागा धरून राहणारा तो स्थायू, आणि बर्फाचं मर्म नेमकं तेच आहे. बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू हायड्रोजन बंधांनी चार शेजाऱ्यांना धरून असतो, तेही ठरावीक कोनांत. त्यातून षटकोनी, पोकळ्या असलेली जाळी तयार होते. द्रवात हे बंध क्षणोक्षणी तुटतात, पुन्हा जुळतात, आणि त्या धांदलीत रेणू एकमेकांच्या जवळ सरकतात. शिस्तीत उभी रांग जास्त जागा अडवते, गर्दी कमी जागेत मावते, तसंच. 0 अंश सेल्सिअसला बर्फाची घनता दर घनसेंटिमीटरला 0.917 ग्रॅम, तर पाण्याची 0.9998. म्हणजे गोठताना आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं.

प्रश्नकर्ता
मग 'बर्फ पाण्यापेक्षा हलका' हे बरोबर?

उत्तर
बोलताना चालतं. लिहिताना 'विरळ' बरा. एक किलो पाणी गोठवलं तर बर्फही एक किलोच भरणार.

उत्तर
जरा अवांतर. पाणी 'गोठतं', मेण 'थिजतं'. मेण थिजताना आकसतं, त्याचा तुकडा वितळलेल्या मेणात बुडतो. पण यावरून 'गोठणे म्हणजे फुगणे' असा नियम काढू नका, रक्तही गोठतंच! घट्ट होताना फुगणारे पदार्थ थोडेच. बिस्मथ आणि गॅलियम हे धातू त्यांतले.

उत्तर
आणखी एक. बर्फाच्या तरंगण्याला सरसकट 'पाण्याचे असंगत आचरण' म्हटलं जातं, पण शाळेत ती संज्ञा शिकवतात ती द्रव पाण्याबद्दल. 0 अंशाचं पाणी तापवलं तर 4 अंशांपर्यंत ते प्रसरण न पावता आकसतं. तिथे बर्फ नसतोच. मुळाशी तेच हायड्रोजन बंध आहेत, पण बर्फाचं तरंगणं ही वेगळी घटना.