पाळकसाहेब गेले, नवे पाळक लगेच मागावेत का?

कॅम्पवासी: आमच्या चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, गेल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याने अचानक प्रभूमध्ये निजले. रविवारची उपासना संपते न संपते तोच पास्टरेट कमिटीने, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीने, ठरवलं, बिशपसाहेबांना नव्या पाळकांसाठी पत्र लिहायचं. मला हे पटलेलं नाही. बायबलमध्ये पुढारी मोशे गेला तेव्हा इस्राएल लोकांनी मवाबाच्या मैदानात ३० दिवस शोक केला. त्याच्या जागी येणारा यहोशवा तयार होता, मोशेने त्याच्यावर हात ठेवले होते, यार्देनेपलीकडे वचनदत्त देश दिसत होता. तरी थांबले. आपल्याला एक महिना जड का व्हावा? ज्या माणसाने आपल्या लेकरांचे बाप्तिस्मे केले, आपल्या आईवडिलांना माती दिली, त्याच्यासाठी मंडळीला रडू तरी द्या.

घोरपडीची सून: दादा, तेच पान उलटा. ‘मोशे मेला, आता ऊठ’ असं देव यहोशवाला पहिल्याच अध्यायात सांगतो. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. पाळकसाहेब घरी येऊन त्यांना प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस, द्यायचे. आपल्या सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) उपासना कोणी वडीलधारी मंडळी चालवतील, पण प्रभुभोजनाला दीक्षित पाळकच लागतो. सासूबाई रोज विचारतात, आता कोण येणार? त्यांना महिनाभर थांबा म्हणू? पत्र गेलं म्हणून उद्या कोणी हजर होत नाही, बदल्यांना वेळ लागतोच. म्हणून तर लवकर लिहायचं.

कॅम्पवासी: ताई, सासूबाईंसाठी शेजारच्या मंडळीच्या पाळकांना विनंती करता येईल. मी स्वतः त्यांना घेऊन येतो. माझा विरोध घाईला आहे.

रास्ता पेठ: तुम्ही दोघं पत्रावर भांडताय आणि पाळकीणबाईंचं नावही काढत नाही! नवे पाळक आले की पाळक-निवास रिकामं करावं लागणार. मुलगी दहावीला आहे. पुण्यात आज भाड्याने घर घ्यायचं तर डिपॉझिट कुठून आणायचं त्या बाईने? बायबलमध्ये येशूच्या प्रेषितांच्या काळात विधवांची रोजच्या वाटणीत हेळसांड होते म्हटल्यावर मंडळीने त्यासाठी सात माणसं नेमली होती. आपण एक तरी नेमला का? परीक्षा होईपर्यंत त्या घराला हात लावायचा नाही आणि नव्या पाळकांच्या भाड्याची सोय मंडळीने करायची, हे आधी लिहून घ्या. मग पत्र आजच पाठवा, माझी हरकत नाही.

घोरपडीची सून: हे मान्य. पण भाडं द्यायला फंडात पैसे आहेत का, ते खजिनदारांनी सांगावं.

केडगाव लाईन: मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. मनोरमाबाई १९२१ मध्ये गेल्या, पंडिता रमाबाई १९२२ मध्ये. जिच्या हाती काम सोपवायचं ती लेक आधी गेली, मग आई. तरी रमाबाईंनी निराधार बायांसाठी काढलेलं केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे, कारण ते काम अनेकींच्या हातात होतं. आपल्याकडे रजिस्टर, किल्ल्या, आजाऱ्यांची यादी, सगळं एकट्या पाळकसाहेबांकडे. आपण त्यांना एवढं एकटं राबवलं, हे मला टोचतंय. नवे पाळक आज आले काय, महिन्याने आले काय, त्यांच्याही गळ्यात हेच मारणार का?

कॅम्पवासी: कडू आहे, पण नाकारता येत नाही. तरी महिनाभर थांबावं हे माझं मत कायम आहे. येत्या रविवारी सभेत घराचा ठराव मी मांडतो. अनुमोदन कोण देणार?

घोरपडीची सून: घराच्या ठरावाला मी देते. महिना थांबण्याला मात्र विरोधात हात वर करीन.