मदत हवी आहे: कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली प्रदर्शनं, आणि एक हरवलेला दिवाळी अंक

लालबागकरीण

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटी बाबांना घेऊन कोलकात्याला जायचा बेत आहे. बोईमेळा, म्हणजे तिथली पुस्तकजत्रा, त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचीय, आणि त्याहून जास्त ओढ आहे ती अलिपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची. तिथे दुर्मीळ पुस्तकांची प्रदर्शनं भरतात, व्याख्यानं होतात असं ऐकून आहे. आपण जाऊ त्या आठवड्यात काय असेल हे मुंबईत बसून आधी कळायची काही सोय आहे का? नुसतं प्रदर्शन बघायलाही वाचकाचं कार्ड लागतं का? २६ जानेवारीची सुट्टी जोडून घ्यावी असा विचार आहे, म्हणजे माझी रजा वाचेल.

आता खरं कारण सांगते. बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. ऐंशी ओलांडली, तरी रिकामे बसले की उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत असतो, खिळ्याची खाच चाचपत असल्यासारखा. साठच्या दशकात त्या छापखान्याने एक दिवाळी अंक काढला. दोनतीन वर्षं चालला, मग बंद. मालक गेले, छापखाना गेला, त्या जागी आता टॉवर आहे. घरी एकही प्रत उरलेली नाही. बाबांचं ठाम मत असं की देशात छापलेलं सगळं कायद्याने कोलकात्याला जातं, त्यामुळे आपला अंक तिथे मांडलेला असणारच. त्या "असणारच"वर माझा फारसा भरवसा नाही, पण त्यांचा हिरमोडही करवत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अलिपूर_रिटर्न

बँकेच्या बदलीमुळे काही वर्षं तिकडे काढली आहेत, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे २६ जानेवारीचा नाद सोडा. हे ग्रंथालय शनिवार-रविवारीही उघडं असतं, पण २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे तीन दिवस बंद म्हणजे बंद. नेमकी तीच सुट्टी धरून गेलात तर फाटकाबाहेरून फोटो काढून परत याल. त्याच सुमारास वसंत पंचमी येते. त्या दिवशी तिकडे सरस्वतीपूजा. आपण दसऱ्याला पाटीपूजन करतो तसंच, पण गल्लोगल्ली मांडव. पोरं वह्या-पुस्तकं देवीच्या पायाशी ठेवतात आणि दिवसभर अभ्यासाला हात लावत नाहीत. बघायला मजा आहे, कामं मात्र त्या दिवशी काढू नका.

कार्यक्रमांचं म्हणाल तर ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर सूचना लागतात. महिनोन्महिने आधी मात्र कळेलच असं धरून चालू नका. सरकारी संस्थांमधली प्रदर्शनं बहुतेक दिनविशेषाला चिकटून येतात. कुणाची जन्मशताब्दी, १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, १४ ते २० नोव्हेंबरचा ग्रंथालय सप्ताह. तुमच्या तारखांना काही असलं तर नशीब म्हणायचं. तिकिटं त्याच्या भरवशावर काढू नका.

आणि कुणी "प्रदर्शन आहे" म्हणालं की कुठल्या इमारतीत ते विचारून घ्या. बेल्व्हेडिअर हाउस हा जुना राजवाडा, तिथे १९५३ साली मौलाना आझादांच्या हस्ते ग्रंथालय लोकांसाठी खुलं झालं. पुस्तकं आणि वाचनकक्ष पुढे त्याच आवारातल्या भाषा भवनात गेले. आवार अवाढव्य आहे, वडिलांना उगाच तंगडतोड नको. टॅक्सीवाल्याला "चिडियाखाना" सांगा, प्राणिसंग्रहालय शेजारीच आहे. मराठी जेवणाची आठवण झालीच तर हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, राहायची सोय होते का तेही विचारून बघा.

मधल्या_वेळेत

बेल्व्हेडिअरमध्ये एक बंद खोली सापडली होती ना? खजिना वगैरे?

अलिपूर_रिटर्न

हो, २०१० साली. पुरातत्त्ववाल्यांना तळमजल्यावर दारं-खिडक्या काहीच नसलेली जागा सापडली. वॉरन हेस्टिंग्जच्या काळातला खजिना, छळाची कोठडी, काय काय पेपरात आलं. शेवटी आत निघाली माती. इमारतीला आधार म्हणून भरलेली!

वकील_नाही_पण

लालबागकरीणताई, बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याला पाठवायची. १९५६ साली दुरुस्ती होऊन त्यात वर्तमानपत्रंही आली. न पाठवल्यास दंड किती, तर पन्नास रुपयांपर्यंत, आणि वर पुस्तकाची किंमत. एवढ्याशा दंडाला कोण भितो? गिरगावातला छोटा छापखाना, दिवाळीच्या तोंडावरची धावपळ, टपालखर्च पदरचा. बऱ्याच जणांनी पाठवलेच नाहीत. दिवाळी अंकाचं आणखी एक त्रांगडं म्हणजे कायद्याने त्याला पुस्तक धरायचं की वर्तमानपत्र? त्यामुळे असेलही, नसेलही. पण असला तरी प्रदर्शनात नसणार. काचेच्या पेटीत शे-पन्नास वस्तू मांडतात, लाखो पुस्तकं आत फडताळात असतात आणि ती मागितल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

तिथे मराठीचा स्वतंत्र विभाग आहे. त्या विभागाला आधी पत्र किंवा ईमेल करा: अंकाचं नाव, वर्ष, संपादक, छापखाना, गाव. उत्तर आलं तर तिथे चिठ्ठी भरून मागवता येईल. वाचनकक्षासाठी कार्ड लागतं, फोटो आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवा.

पायरीवरचा

अहो, पण कोलकाता कशाला गाठताय त्याच्यासाठी? याच कायद्याखाली एक प्रत मुंबईलाही द्यावी लागते! कोलकाता, चेन्नईचं कोनेमारा ग्रंथालय, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि आपलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, ही ती चार ठिकाणं. आपलं म्हणजे हॉर्निमन सर्कलचा टाऊन हॉल. त्या पायऱ्यांवर शहरातल्या निम्म्या जोडप्यांनी लग्नाआधीचे फोटो काढलेत, आत काय आहे ते त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल देव जाणे.

गोंधळ एवढाच होतो की एका इमारतीत दोन संस्था आहेत. एक १८०४ पासूनची एशियाटिक सोसायटी, दुसरं सरकारी मध्यवर्ती ग्रंथालय. तुम्हाला विचारायचंय दुसऱ्यांना. मुंबईतल्या प्रकाशकाला मुंबईत प्रत पोचवायला टपालही लागत नव्हतं, हमालाच्या डोक्यावरून गठ्ठा गेला असणार. म्हणून माझी पैज मुंबईवर.

शिवाय दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग सोडू नका. १८९८ ची संस्था आहे, आणि दिवाळी अंक आपल्या माणसांनी जसे जपले तसे कायद्याने जपले नसतील.

प्रदर्शन आणि व्याख्यानांची हौसही इथे भागेल. एशियाटिकच्या दरबार हॉलमध्ये व्याख्यानं होत असतात. त्यांच्याकडे दान्तेच्या काव्याचं जुनं हस्तलिखित आहे आणि नालासोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सापडलेले करंडकही. हे रोज मांडलेलं नसतं, कधी बघायला मिळेल ते विचारून जा. फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव असतो, तेव्हा डेव्हिड ससून लायब्ररीच्या बागेत साहित्याचे कार्यक्रम होतात. ते उघड्यावर, मोफत. बाबांना तिथे खुर्ची मिळेल.

लालबागकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार! टाऊन हॉलचं डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "गठ्ठा हमालाने नाही, आमच्या शिपायाने नेला असेल, सायकलवरून." म्हणजे गेला, हे त्यांच्या लेखी ठरलंच.

बोईमेळा रद्द नाही. २६ तारीख टाळून गीतांजली एक्सप्रेसची तिकिटं बघते. अलिपूरला जाऊच, प्रदर्शन असो नसो. त्याआधी फोर्टात चौकशी. वर्ष बाबा १९६३ सांगतात, आई १९६४. संपादक म्हणून मालकांच्या मेहुण्यांचं नाव होतं, तेही फक्त पहिल्या वर्षी. सूचीत शोधायचं कशावर?

एक अडचण आहे. त्या तीसेक पायऱ्या बाबांच्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत.

पायरीवरचा

पहिल्या फेरीला त्यांना नेऊच नका. तुम्ही एकट्या जा, सूचीत आहे का बघा, आणि चढायची दुसरी काही सोय आहे का ते तेव्हाच तिथल्या माणसांना विचारून या. अंकाच्या नावावरून शोधा, संपादक बदलत असतात. संगणकावर रोमन लिपीत टाकायला लागलं तर स्पेलिंग दोनतीन प्रकारे करून बघा, श आणि ष मध्ये हमखास घोळ असतो. दोन्ही वर्षं लिहून न्या. आणि छापखान्याचं नाव बाबांकडून नीट, पत्त्यासकट लिहून घ्या.

वकील_नाही_पण

अंक मिळाला तर शेवटचं पान आधी बघा. मुद्रक-प्रकाशकाची नोंद तिथेच असते, १९६३ की १९६४ ते ठरून जाईल.

लालबागकरीण

आई आत्ताच म्हणतेय की १९६४च.