मुंबई एअरपोर्टवर पहिल्यांदाच : तुमचे अनुभव सांगा

आईबाबा पुढच्या महिन्यात माझ्याकडे टोरांटोला येतायत. दोघं सांगलीचे, विमानात पहिल्यांदाच बसणार. सोडायला मामेभाऊ येतोय पण तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत, म्हणजे दारापासून पुढे ते दोघंच. बाबांच्या तोंडी अजून 'सहार' आणि 'सांताक्रूझ' हीच नावं आहेत, आणि आईचा रोज फोनवर एकच प्रश्न, "अगं पण आत गेल्यावर कुठं जायचं ते कोण सांगणार?" तिला सांगायला गेले तर माझ्या लक्षात आलं की मी इतक्या वेळा त्या टी-टू (टर्मिनल 2, बाबांचं 'सहार') मधून गेलेय पण नेहमी घाईत, धड क्रमही सांगता येईना. म्हणून हा धागा काढतेय. टर्मिनल, सामान, व्हीलचेअर, खाणंपिणं, परत आल्यावरची टॅक्सी, जे स्वतः केलंय ते लिहा, बारीकसारीक असलं तरी लिहा, मी सगळं वहीत उतरवून आईला पाठवणार आहे.

डोंबिवलीकर

सगळ्यात आधी तिकिटावर टर्मिनल बघा. तुमच्या आईबाबांची इंटरनॅशनल आहे म्हणजे टी-टूच, प्रश्न नाही. घोटाळा डोमेस्टिकला होतो. टी-वन म्हणजे जुनं सांताक्रूझ, पार्ल्याच्या बाजूला, तिथून फक्त देशातली विमानं जातात, त्यामुळे लोक धरून चालतात की देशातल्या देशात जायचंय म्हणजे टी-वन. पण टी-टू वरून पण भरपूर डोमेस्टिक सुटतात. मी 3 वर्षांपूर्वी दिल्लीला जाताना असाच टी-वनच्या दारात उभा राहिलो, जवानाने तिकीट बघून सांगितलं की हे टी-टूचं आहे. बाहेर रिक्षा पकडली, संध्याकाळची वेळ, हायवे तुंबलेला, पोचलो तेव्हा काउंटर बंद झाला होता. सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी निघालो होतो, ते झाल्यावर दुसऱ्या दिवशी पोचलो. तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री तिकीट काढून टर्मिनल पुन्हा वाचतो, आणि दुसरं कुणी निघालं असेल तर त्यालाही वाचायला लावतो.

घाटकोपरहून

रिक्षाचं वाचलं म्हणून सांगते, आता मेट्रो आहे. ॲक्वा लाईन म्हणजे मेट्रो 3, ती ऑक्टोबर 2024 मध्ये आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) सुरू झाली आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये थेट कफ परेडपर्यंत गेली. टी-वन आणि टी-टू दोन्हीला आपापलं स्टेशन आहे, मध्ये फक्त सहार रोड. मी घाटकोपरहून मेट्रो 1 ने मरोळ नाक्याला उतरते, तिथे लाईन बदलायची, पुढचंच स्टेशन टी-टू. एक मोठी बॅग आणि पाठीवरची सॅक असेल तर झकास, पण मेट्रोच्या दारात पण बॅगा स्कॅन होतात आणि स्टेशनवरून टर्मिनलपर्यंत चालणं आहे, त्यामुळे चार बॅगा आणि सत्तरीची माणसं असतील तर गाडीच करा. आणि मेट्रो 1 वर 'एअरपोर्ट रोड' नावाचं स्टेशन आहे, नावाला भुलून तिथे उतरू नका, टर्मिनल तिथून लांब आहे.

आजीची नात

व्हीलचेअरबद्दल सविस्तर लिहिते कारण आमच्या आजीचं सगळं त्यावरच निभावलं. आजी 76 वर्षांची, गुडघे गेलेले, पण व्हीलचेअर म्हटलं की "मी काय आजारी आहे का" म्हणायची. तिला समजावलं की टी-टू फार लांबलचक आहे, काउंटरपासून गेटपर्यंत चांगलीच पायपीट होते, आणि व्हीलचेअर घेतली की सोबत एक माणूस मिळतो जो रस्ता दाखवतो, खरी गरज त्या माणसाची आहे. हे पटलं तिला.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर टाका, निदान 48 तास आधी तरी विमान कंपनीला कळवा. पैसे पडत नाहीत. पण ती दारात येऊन उभी असेल असं समजू नका, आजीला चेक-इन काउंटरपर्यंत आजोबांचा हात धरून चालतच जावं लागलं आणि तिथे अर्धा तास थांबावं लागलं, म्हणून हातात वेळ ठेवा. मग एक मुलगा आला, लांज्याचा निघाला, त्याने आजीची पर्स तिच्या मांडीवर ठेवली, काठी आडवी बसवली, आणि आजोबांना म्हणाला "तुम्ही माझ्या उजव्या बाजूला राहा, मागे राहू नका." इमिग्रेशन (पासपोर्टची तपासणी), सिक्युरिटी, सगळीकडे त्यानेच नेलं.

फक्त एक प्रसंग सांगायलाच हवा. गेटजवळ बसवून तो "बोर्डिंगच्या वेळी येतो" सांगून गेला आणि बोर्डिंग सुरू झालं तरी कुणी येईना. दोघं घाबरले. आजीच्या पर्समध्ये आम्ही एक कागद दिला होता, त्यावर फ्लाईट नंबर, सीट नंबर, "यांना व्हीलचेअर सांगितलेली आहे" आणि आमचा फोन नंबर, मराठीत आणि इंग्लिशमध्ये. आजोबांनी तो कागद नेऊन गेटवरच्या बाईंच्या पुढे धरला, एक शब्द बोलावा लागला नाही, पाच मिनिटांत दुसरी खुर्ची आली. असा कागद करा, प्लास्टिकच्या पाकिटात घाला आणि दोघांकडे एकेक द्या, कारण एकच असला की तो नेमका दुसऱ्याकडे असतो.

कोल्हापूर

ताई, सांगलीहून येतायत म्हणजे मसाला, चटण्या, खोबरं हे सगळं आलंच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आधी बाहेर काढा! चेक-इन बॅगेत पण चालत नाहीत. आमच्या वहिनीची बॅग सामान गेल्यावर परत मागवली, सगळ्यांसमोर उघडली, साड्यांच्या घड्या विस्कटल्या, डबा निघाला आणि आतल्या 12 वाट्या तिथेच ठेवायला लागल्या. तिला रडू फुटलं कारण त्या तिच्या आईने परसातल्या झाडाच्या वाळवून दिलेल्या. खोबऱ्यात तेल फार असतं, गरम झालं तर पेट घेऊ शकतं हे कारण आहे, म्हणजे नियम बरोबरच आहे, पण कुणी आधी सांगत नाही. पॉवर बँक उलटी, ती हातातल्याच बॅगेत ठेवायची, मोठ्या बॅगेत चालत नाही. लोणचं, तूप पातळ म्हणून धरतात, हँडबॅगेत 100 मिलीच्या वर नेता येत नाही, ते सगळं मोठ्या बॅगेत नीट बांधून.

धागाकर्ती

बापरे, खोबऱ्याचं मला माहीतच नव्हतं आणि आईने लसणीच्या चटणीसोबत अर्धा किलो वाट्या बांधून ठेवल्यायत. आत्ताच फोन केला. ती म्हणाली "बरं झालं बाई." बाबा विचारतायत तो परदेशी जाताना भरायचा फॉर्म कुठे मिळतो?

पार्लेकर

तो फॉर्म भारतीयांसाठी 1 जुलै 2017 पासून बंद झाला, आता काही भरायचं नाही. क्रम लिहून घ्या : गाडी थेट चौथ्या लेव्हलला सोडते, तिथेच डिपार्चर. दारात जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतात. आत बोर्डवर फ्लाईट नंबरसमोर काउंटरचं अक्षर असतं, तिकडे सामान द्यायचं. मग इमिग्रेशन, मग सिक्युरिटी, मग दुकानं, मग गेट. चेहरा दाखवून आत जायचं ते डिजीयात्रा ॲप डोमेस्टिकसाठी आहे, तुमच्या आईबाबांना त्याच्या भानगडीत पाडू नका. जवान सगळ्या राज्यांतले असतात, त्यांच्याशी हिंदीत बोलावं लागतं, पण काउंटरवर, सफाईला, खुर्च्या ढकलणारे कितीतरी आपलेच लोक आहेत, आईंना सांगा बिनधास्त मराठीत विचारा.

नागपूर

येताना नागपूरला जोडून तिकीट असणाऱ्यांसाठी लिहितो. मी दुबईहून दरवर्षी येतो, मुंबईत उतरून पुढे नागपूर. पहिल्या वेळी मला वाटलं बॅग आपोआप पुढे जाईल न, पण परदेशातून आल्यावर इमिग्रेशन झालं की पट्ट्यावरून बॅग आपणच घ्यायची, कस्टम्समधून बाहेर काढायची आणि डोमेस्टिकसाठी परत द्यायची. मी बॅग न घेताच पुढे निघालो होतो, नशीब शेजारच्या सीटवरच्या काकांनी हटकलं. आणि पुढची फ्लाईट जर टी-वन वरून असेल तर टर्मिनलच बदलायचं आहे, म्हणून मी आता मध्ये किमान 4 तास ठेवतो, बायको म्हणते जास्त होतात, मी ऐकत नाही.

दोन लेकरांची आई

लवकर पोचून काय करायचं म्हणणाऱ्यांसाठी, टी-टू मध्ये 'जय हे' म्हणून कलेची भिंत आहे, राजीव सेठींनी उभी केलेली, सगळी मिळून जवळपास 3 किलोमीटर. जुने दरवाजे, लाकडी खांब, मूर्ती, काय काय आहे. आमची फ्लाईट 5 तास लेट झाली तेव्हा धाकटा रडून बेजार झालेला, त्याला कडेवर घेऊन मी त्या भिंतीवरचे प्राणी मोजत फिरले, शेवटी खांद्यावरच झोपला. वर छत बघा, मोराच्या पिसाऱ्यासारखं केलंय. फक्त गेटचा बोर्ड अधूनमधून बघत राहा, गेट बदलतं आणि प्रत्येक वेळी पुकारा होतोच असं नाही.

पुणे

घ्यायला येणाऱ्यांनी वर चौथ्या लेव्हलला येऊ नये, अरायव्हल खाली दुसऱ्या लेव्हलला. ॲपवाली गाडी मल्टिलेव्हल पार्किंगमधून मिळते, प्रीपेड टॅक्सीचे काउंटर बाहेर पडतानाच आहेत. बाहेर आल्यावर आमच्या बाबांच्या फोनला रेंज येईना, मी एका खांबाशी आणि ते दुसऱ्या दाराशी, पाऊण तास दोघं एकमेकांना शोधत होतो. जाण्याआधीच ठरवून ठेवा की बाहेर आलात की हलायचं नाही, तिथेच थांबायचं.

धागाकर्ती

गेले आईबाबा काल रात्री! इमिग्रेशन झाल्यावर आईने गेटजवळून व्हिडिओ कॉल केला. कागद पाकिटात घालून दोघांच्या गळ्यात अडकवला होता, व्हीलचेअर आईसाठी सांगितलेली, ती वेळेवर आली आणि ढकलणारी मुलगी मिरजेची निघाली, दोघींनी म्हणे गणपतीपासून सुरुवात करून सगळ्या नातेवाइकांपर्यंत गप्पा मारल्या. बाबा मागे छताचे फोटो काढत होते. खोबऱ्याच्या वाट्या मामेभावाच्या गाडीत परत सांगलीला गेल्या, चटणी मात्र मोठ्या बॅगेत आहे. आता माझी निघायची वेळ झाली, विमान उतरायला 2 तास आहेत पण मी आत्ताच जाऊन दारात उभी राहणार आहे.