कूपनपेक्षा बटवा बरा

दिवाळीला गिऱ्हाइकांना भेट म्हणून १० टक्के सवलतीचं कूपन द्यावं असं कुणी दुकानदार म्हणतात, पण मला विचाराल तर ती भेट नाही हो, परत खरेदीला या असं आमंत्रण झालं. माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे, मीही आधी नाव छापलेली कॅलेंडरं वाटली, पण सराफ, मेडिकल, किराणावाला सगळेच देतात, एका घरात भिंती किती असणार! मग ज्याचं त्याचं उरलेलं कापड जपून ठेवायला लागले आणि दिवाळीच्या शिलाईबरोबर त्याच साडीच्या काठाचा छोटा बटवा शिवून द्यायचा, खर्च म्हणाल तर नाडी आणि अर्धा तास, पण काकू लोक लग्नात तो मिरवतात आणि "कुठे शिवला गं" म्हणून विचारत नवीन बायका येतात. सगळ्यांना नाही हां जमत, सीझनला मशीनवरून उठायला होत नाही, तेव्हा वर्षभर येणाऱ्यांनाच.

आणि विकत आणून गिफ्ट देणार असाल आणि जीएसटी भरत असाल तर सीएला विचारा, फुकट वाटलेल्या भेटवस्तूंवर इनपुट क्रेडिट (म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, सीजीएसटी म्हणजे केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये आहे ते.